बटण एक, कामे चार

म्हातारपणी नवे यंत्र शिकता येत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. गाणी वाजविणाऱ्या छोट्या डिजिटल डब्ब्यांच्या बाबतीत आम्ही ते गेल्या काही दिवसांत तपासून पाहिले. आमचे मत असे झाले आहे, की या खटल्यात आरोपी चुकीचा पकडला गेला आहे. दोष वयाचा आहे, पण थोडा. बराचसा दोष यंत्राच्या रचनेत आहे, आणि उरलेला, आपण ते यंत्र ज्या रीतीने शिकवतो तिच्यात.

आधी हे यंत्र कोणते ते स्पष्ट करू. अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीला राजकमल चौकाच्या आसपास हिंडले, की काही शे रुपयांत मिळणारे हाताएवढे डब्बे दिसतात. लोक त्याला ‘ब्लूटूथ’ म्हणतात, ‘एमपीथ्री’ म्हणतात किंवा नुसते ‘डब्बा’. त्यात मेमरी कार्डाची खाच असते, पेनड्राइव्हची खाच असते, एफएम रेडिओ असतो आणि मोबाइलवरचे गाणे हवेतून घेण्याची सोय असते. शेजारच्या मोबाइलच्या दुकानावर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असते, तिथे कार्ड भरून घ्यायचे. वऱ्हाडात वडीलधाऱ्यांसाठी काय भरून घेतात, हे सांगायला नकोच. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने, गाडगेबाबांचे कीर्तन, शेगावच्या गजानन महाराजांच्या आरत्या आणि जुनी सिनेमागीते. साठा उत्तम. प्रश्न तो साठा ऐकणाऱ्याच्या हाती लागतो का, हा आहे.

या डब्ब्यावर बहुधा चार बटणे असतात. एक वाजवा-थांबवा, एक पुढे, एक मागे आणि एक ‘एम’ अक्षराचे. एकूण चारच, म्हणजे सोपेच म्हणायचे! पण जरा मोजून पाहा. प्रत्येक बटण दोन तऱ्हांनी दाबता येते, थोडा वेळ आणि जास्त वेळ. म्हणजे कृती आठ झाल्या. डब्बा चार अवस्थांपैकी एकीत असतो: कार्ड, पेनड्राइव्ह, रेडिओ, ब्लूटूथ. आठ कृती आणि चार अवस्था यांचा तक्ता मांडला तर ३२ खाने होतात. ‘पुढे’चे बटण कार्डावर थोडे दाबले तर पुढचे गाणे लागते, जास्त दाबले तर आवाज वाढतो. रेडिओवर तेच बटण पुढचे केंद्र लावते. ‘वाजवा’चे बटण रेडिओवर दाबले तर काही डब्ब्यांत तो गप्प होतो, काहींत सगळी केंद्रे शोधायला निघतो. त्यातही गंमत अशी, की एकाच दुकानातल्या एकाच फळीवरच्या दोन डब्ब्यांत हे नियम उलटे असतात. एकात थोडे दाबल्यावर गाणे बदलते, दुसऱ्यात थोडे दाबल्यावर आवाज. नियम असा नाहीच.

आता कॅसेटचा टेप आठवा. त्याला सहा कळा होत्या आणि सहा कामे होती. ‘वाजवा’ची कळ दाबली की खटकन खाली जाऊन तिथेच राहायची. यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे डोळ्यांना दिसायचे, अंधारात बोटांनाही कळायचे. खिडकीतून फितीची दोन चाके दिसायची, त्यावरून किती गाणे झाले, किती उरले याचा अंदाज यायचा. साठ मिनिटांची कॅसेट अर्ध्यावर काढून आठ दिवसांनी घातली तरी कीर्तन तिथूनच पुढे सुरू व्हायचे. यंत्राची स्मरणशक्ती अशी उघड्यावर ठेवलेली होती. आजच्या डब्ब्याची स्मरणशक्ती कितीतरी पटींनी मोठी आहे, पण ती आत आहे, आणि बाहेर दाखवायला एक लुकलुकणारा दिवा आहे. तो निळा लुकलुकला तर एक अर्थ, जलद लुकलुकला तर दुसरा.

एकाच कृतीचा अर्थ अवस्थेनुसार बदलणे, आणि अवस्था मात्र वापरणाऱ्याला न दिसणे, हा दोष संगणकशास्त्राला जुन्या काळापासून माहीत आहे. लॅरी टेस्लर या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत काम करताना या दोषाविरुद्ध मोहीमच उघडली होती. संगणकातील अशा अवस्थांना ‘मोड’ म्हणतात. टेस्लर यांनी आपल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’ असे लिहून घेतले होते. २०२० साली ते वारले. आमच्या डब्ब्यावर ‘एम’ हे बटण त्याच मोडचे आहे, हे त्यांनी पाहिले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

हा दोष केवळ स्वस्त मालात असतो असे मात्र समजू नये. अ‍ॅपल कंपनीचा पहिला आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरात आला. त्याचे यश त्याच्या चक्रीत होते. बोट फिरवावे आणि यादी सरकावी, इतके ते साधे होते. त्याच कंपनीने २००९ साली आयपॉड शफलचा असा नमुना काढला, की त्याच्या अंगावर गाणे बदलायचे बटणच नव्हते. इअरफोनच्या वायरीवरचे एक बटण एकदा दाबले तर गाणे थांबणार, दोनदा दाबले तर पुढचे, तीनदा दाबले तर मागचे. ते यंत्र गाण्याचे नावही बोलून सांगे, १४ भाषांमध्ये. मराठी त्यांत नव्हती. दुसऱ्याच वर्षी, २०१० मध्ये, आलेल्या नव्या नमुन्यात बटणे पुन्हा अंगावर आली. तरुण आणि सराईत गिऱ्हाइकांसाठी केलेल्या यंत्राची ही कथा. ती ऐकल्यावर सत्तरीच्या माणसाला ‘तुम्हाला जमत नाही’ म्हणणे धाडसाचे वाटते.

आम्ही ज्या दोन नवशिक्यांबरोबर बसलो त्यांच्याविषयी थोडे सांगतो. एक अमरावतीच्या निवृत्त गणितशिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात, आम्हीही. दुसरे अकोट तालुक्यातील एक शेतकरी, घरच्या मुलांचे मोठे बाबा. दोघांचीही सत्तरी उलटली आहे.

बाईंनी पहिल्या दिवशी वही काढली. १, २, ३ असे आकडे घालून पायऱ्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी वहीप्रमाणे केले तरी यंत्राने भलतेच केले. तिसऱ्या दिवशीही तेच. कारण उघड होते. वहीतली पहिली पायरी डब्बा कार्डावर आहे असे धरून लिहिली होती, आणि रात्री कुणीतरी तो रेडिओवर ठेवून गेले होते. बाई म्हणाल्या, “या बटणाचं उत्तर प्रश्नावर नाही, आदल्या उत्तरावर अवलंबून आहे.” अवस्था म्हणजे काय हे याहून नेमके आम्हाला पाठ्यपुस्तकातही सापडलेले नाही.

मोठ्या बाबांची अडचण वेगळी होती. गाणे बदलायला त्यांनी बटण दाबले की आवाज वाढत जाई. “म्या गाणं बदलाले दाबलं, तं हे बोंबलाले लागलं. काहून?” पुतण्या म्हणाला, “मोठे बाबा, तुम्ही जास्त येळ दाबलं.” त्यावर त्यांचा प्रश्न आला, “जास्त म्हंजे किती?” या प्रश्नाचे उत्तर डब्ब्यावर छापलेले नाही, सोबतच्या चिठोऱ्यावर नाही, पुतण्यालाही देता आले नाही. तरुण बोट बटणाला टिचकी मारून निघून येते. वयाबरोबर बोटांच्या टोकांची संवेदना कमी होते, हालचाली सावकाश होतात, आणि बटण खरोखर दबले का याची खात्री होईपर्यंत माणूस ते दाबून धरतो. आयुष्यभर औताचा रुमणा आणि विळा धरलेल्या बोटांवर घट्टे असतील तर आणखीच. म्हणजे मोठे बाबा आपल्या समजुतीने ‘थोडे’च दाबतात, पण यंत्राच्या घड्याळात ते ‘जास्त’ ठरते. ही सीमा ठरविणारी संख्या यंत्राच्या आज्ञावलीत कुठेतरी लिहिलेली असते, साधारण सेकंदाच्या आसपासची. ती लिहिताना कुणी सत्तर वर्षांच्या बोटाचा विचार केला असेल असे वाटत नाही.

पुतण्याच्या शिकविण्याविषयीही बोलले पाहिजे, कारण तो आपल्यासारखाच शिकवत होता. “पाहा मोठे बाबा, असं दाबाचं, मंग असं, झालं!” असे म्हणत त्याने तीन-चार बटणे भराभर दाबली आणि गाणे लावून दिले. दहा मिनिटांच्या या शिकवणीत डब्बा मोठ्या बाबांच्या हातात मिनिटभरही नव्हता. फळ्यावर शिक्षकानेच सगळी गणिते सोडविली आणि मुलांनी ती पाहिली, असा तास कसा असतो हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गाणे वाजले म्हणून पुतण्याला शिकविल्याचे समाधान मिळाले, मोठ्या बाबांना मात्र शिकायला काही मिळाले नाही. पुढे पुतणे पुण्याला नोकरीवर जातात आणि डब्बा कोनाड्यात पडून राहतो. आमचा पहिला नियम त्यामुळे असा झाला: शिकविणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधावेत. बोलावे, पण बटणाला हात लावू नये.

दुसरा मुद्दा सरावाचा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखविले होते, की एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांत विभागलेली उजळणी जास्त टिकते. उतारवयात नवी कृती हाताला बसायला वेळ लागतो, पण एकदा बसली की ती चांगली टिकते. म्हणून रविवारी तासभर शिकविण्यापेक्षा रोज पाच मिनिटे, आणि रोज एकच गोष्ट. पहिल्या दिवशी फक्त चालू-बंद. बाजूला सरकविण्याचे बटण असलेला डब्बा यासाठी मुद्दाम निवडावा, कारण तेवढ्या एका बटणाची अवस्था डोळ्यांना दिसते.

काही वाचक म्हणतील, वृद्धांसाठी खास केलेली यंत्रे बाजारात आहेत, तीच का घेऊ नयेत? आहेत, आणि त्यांतील सर्वांत गाजलेले आपल्याच देशातले आहे. जुन्या ग्रामोफोन कंपनीची आजची अवतार असलेल्या सारेगामा कंपनीने २०१७ साली ‘कारवाँ’ काढले. जुन्या ट्रान्झिस्टरसारखे रूप, आत आधीच भरलेली ५००० गाणी, कलावंतांच्या नावांनुसार लावलेली, शिवाय अमीन सयानी यांची गीतमाला. मराठी गाण्यांची आवृत्तीही पुढे निघाली. या यंत्राची कल्पना आम्हाला मोलाची वाटते, कारण त्याने शिकणाऱ्याला आपल्या सोयीने वाकविण्याऐवजी शिकणाऱ्याच्या जुन्या सवयीशी जुळवून घेतले. ट्रान्झिस्टर ज्यांनी वापरला आहे त्यांचे हात तिथे आपोआप योग्य जागी जातात. परंतु त्याची मर्यादाही तिथेच आहे. तो साठा कंपनीने निवडलेला आहे. मोझरीच्या गुरुकुंजातील कार्यक्रमाचे गावातल्या कुणी मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकायचे असेल, तर ते पेनड्राइव्हवर घालून लावावे लागते, म्हणजे पुन्हा फाइली आणि अवस्था आल्याच. आणि किंमत स्वस्त डब्ब्याच्या कितीतरी पट. शेतकरी घरात ती परवडत नाही म्हणून वाईट वाटण्यापेक्षा त्यातील कल्पना उचलून स्वस्त डब्ब्यावर वापरता येते का हे पाहणे बरे.

ती येते. त्यासाठी गाण्यांचे थोडे गणित करू. सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट माहिती असते. एमपीथ्री पद्धतीत, कानाला जे मोठ्या आवाजाखाली झाकले जाऊन ऐकूच येत नाही ते गाळून, १ लाख २८ हजार बिटांत काम भागविता येते, म्हणजे अकरावा हिस्सा. चार मिनिटांचे गाणे ३.८४ मेगाबाइटमध्ये बसते आणि १६ गीगाबाइटच्या कार्डावर चार हजारांहून अधिक गाणी मावतात. दुकानदार कौतुकाने दोन हजार गाणी भरून देतो. आता या दोन हजारांतून एक भजन शोधायचे आहे आणि हाताशी फक्त ‘पुढे’ आणि ‘मागे’. यादी गोल फिरते असे धरले आणि जवळची दिशा नेमकी निवडली, तरी सरासरी ५०० वेळा बटण दाबावे लागेल. सेकंदाला एक म्हटले तर आठ मिनिटांहून जास्त. वीसच गाणी ठेवली तर सरासरी पाच वेळा. साठा शंभर पटींनी कमी केल्याने यंत्र शंभर पटींनी सोपे झाले. बाईंनी हे गणित स्वतः मांडून पाहिले आणि लगेच कार्ड रिकामे करायला सांगितले.

मग उरलेली भजने कुठे ठेवायची? यावर आमचा उपाय असा, की कॅसेट परत आणावी. मेमरी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि जेमतेम १ जाड असते. सत्तरीच्या बोटांना ते सापडत नाही, पडले तर दिसत नाही. पेनड्राइव्ह मात्र चिमटीत धरता येतो. लाल रंगाच्या पेनड्राइव्हवर खंजिरी भजने, निळ्यावर कीर्तन, पांढऱ्यावर नाट्यगीते, आणि प्रत्येकाला एकेक दोरा. बऱ्याच डब्ब्यांत पेनड्राइव्ह खोचला की डब्बा आपोआप त्याच अवस्थेत जातो आणि वाजू लागतो. म्हणजे ‘एम’ बटणाची गरजच उरत नाही. वस्तू बदलली की गाणी बदलतात, हा कॅसेटचा व्यवहार दोघांच्याही हातात मुरलेला होता. तो शिकवावा लागला नाही. खोचताना उलटे होऊ नये म्हणून पेनड्राइव्हच्या वरच्या अंगाला आणि डब्ब्याच्या वरच्या कडेला नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. तसाच एक जाड ठिपका ‘पुढे’च्या बटणावर, बोटाला लागेल असा.

गाणी भरणाऱ्याने काही बारकावे पाळावेत. स्वस्त डब्बे बहुधा अकारविल्हे क्रम पाहत नाहीत, ज्या क्रमाने फाइली चढविल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून हव्या त्या क्रमाने एकेक फाइल चढवावी. ३२ गीगाबाइटहून मोठी कार्डे बहुधा वेगळ्या मांडणीत येतात आणि हे डब्बे ती वाचत नाहीत. ‘बिघडले’ म्हणून परत गेलेले काही डब्बे या एका कारणाने गेलेले असावेत, असा आमचा अंदाज आहे. ब्लूटूथचा त्रास टाळायचा असेल तर घरातल्या प्रत्येक मोबाइलमधून त्या डब्ब्याची ओळख पुसून टाकावी. नाहीतर नातू घरात आला की डब्बा त्याच्या मोबाइलला आपणहून जोडला जातो आणि हरिपाठाच्या वेळी क्रिकेटचे समालोचन सुरू होते. शिवाय प्रत्येक वेळी डब्बा जोडला गेल्याची वर्दी देतो ती इंग्रजीत. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याला न समजणाऱ्या भाषेत बोलणारे यंत्र आपण रोज विकतो आणि घेतो, याचे आम्हाला नवल वाटते.

आवाजाविषयी एक. वयाबरोबर कानाची उंच पट्टीची ग्रहणशक्ती आधी कमी होते, आणि स, श, त, थ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. म्हणून म्हातारी माणसे ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ म्हणतात. नुसता आवाज वाढवून हे सुधारत नाही, छोटा डब्बा फाटू लागतो तेवढाच. डब्बा जवळ आणि कानांच्या पातळीवर ठेवणे जास्त उपयोगी. कीर्तन केवळ बोलण्याचे आहे, ते ६४ हजार बिटांत, एकेरी ध्वनीत चालते. खंजिरीचे तसे नाही. एमपीथ्री पद्धत आवाजाचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे करते, आणि तुकड्यात अचानक थाप आली तर गाळणीतली चूक थापेच्या आधीच्या शांततेत सांडते. युरोपात हा दोष तपासायला कॅस्टनेट नावाचे लाकडी टाळ्यांचे वाद्य वापरत. आपल्याकडे खंजिरी तेच काम चोख करील. दुकानदाराने जागा वाचवायला सगळेच ६४ हजारांवर आवळले असेल, तर थापेची धार जाते. वीसच भजने ठेवायची असतील तर जागा वाचविण्याचे कारणच नाही.

आठवी-नववीच्या वर्गासाठी यात एक चांगला प्रकल्प आहे. मुलांनी घरातला असा एक डब्बा आणावा आणि त्या ३२ खान्यांचा तक्ता स्वतः दाबून-पाहून भरावा. दोन वेगळ्या डब्ब्यांचे तक्ते शेजारी लावले की वाद आपोआप सुरू होतो. नंतर प्रत्येकाने घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला हात न लावता एकच कृती शिकवावी आणि ती दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी जमते का याची नोंद ठेवावी. जमले नाही तर आजीच्या नावापुढे फुली न मारता, कोणत्या खान्यात घोळ झाला ते लिहावे.

आणि विजेऱ्यांचे राहिले. यांतील बऱ्याच डब्ब्यांत जुन्या मोबाइलची चपटी लिथियमची बॅटरी असते. ४५ अंश सेल्सिअसच्या वर तिला चार्ज करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. अकोल्यात मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथवर आणि त्यापुढेही जातो, टिनाच्या छपराखालची तर बातच सोडा. त्यामुळे उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावे, आणि दुपारी डब्बा खिडकीत न ठेवता माठाजवळच्या कोनाड्यात ठेवावा, पाणी उडणार नाही इतक्या अंतरावर.